स्वातंत्र्यसैनिकाच्या पश्चात पत्नीचे सन्मान निवृत्तिवेतन : अर्ज, पुरावे आणि अडलेल्या फाइलीवरचे उपाय

स्वातंत्र्यसैनिक गेल्यावर त्यांच्या पत्नीला मिळणारे सन्मान निवृत्तिवेतन म्हणजे कुणी दिलेली मदत नव्हे. ते तिच्या हक्काचे आहे, आणि केंद्राच्या योजनेत ते पतीच्या रकमेइतकेच पूर्ण मिळते. तरीही कित्येक घरांत हे वेतन महिनोन्‌महिने अडते, काही ठिकाणी तर वर्षानुवर्षे. नियम आड येतो असे फार कमी वेळा घडते. पीपीओवर (निवृत्तिवेतन प्रदान आदेशावर) एक नाव आणि आधारवर दुसरे, मृत्यूची नोंदच नाही, किंवा अर्ज चुकीच्या टेबलावर पडून आहे, अशीच कारणे बहुतेक वेळा निघतात. ऐंशी-नव्वदीच्या बाईला एकेका कागदासाठी चार फेऱ्या माराव्या लागू नयेत, म्हणून सगळी वाट इथे क्रमाने मांडली आहे. धावपळ बहुधा मुलगा, सून किंवा नातू करतो. हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

आधी एकच प्रश्न : पतीचे पेन्शन चालू होते का?

या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे ठरते.

पती हयातीत सन्मान निवृत्तिवेतन घेत असतील, तर पत्नीला नवा दावा करायचा नाही. त्यांचा त्याग सरकारने एकदा तपासून मान्य केलेला आहे. आता फक्त वेतन पत्नीच्या नावे वर्ग करायचे असते. तुरुंगाचा दाखला किंवा सहबंद्यांची प्रमाणपत्रे तिच्याकडे मागण्याचे कारण उरत नाही. कुणी मागितलीच तर मंजुरी आदेशाची प्रत दाखवून ‘हे वेतन वर्ग करण्याचे प्रकरण आहे’ असे अर्जातच स्पष्ट लिहा.

पतीला हयातीत पेन्शन मिळालेच नसेल, म्हणजे त्यांनी अर्ज केला नसेल, तो फेटाळला गेला असेल किंवा निर्णयाविना पडून असेल, तर पत्नीचा दावा मुळापासून सिद्ध करावा लागतो. ही वाट लांबची आहे आणि तिचे पुरावेही वेगळे आहेत.

या दोन वाटांची गल्लत झाली की फाइल भरकटते. वेतन वर्ग करण्याचा साधा अर्ज ‘नवीन प्रकरण’ म्हणून नोंदला गेला, तर तो पडताळणीसाठी जिल्ह्याकडून मंत्रालयात आणि तिथून परत जिल्ह्यात फिरत राहतो. म्हणून अर्जाच्या विषयाच्या ओळीतच पीपीओ क्रमांक, मंजुरी आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहा.

दुसरा प्रश्न योजनेचा. केंद्राची योजना वेगळी आणि महाराष्ट्र शासनाची वेगळी. केंद्राने १९६९ मध्ये अंदमानातल्या राजबंद्यांसाठी पेन्शन सुरू केले आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ते इतर स्वातंत्र्यसैनिकांनाही लागू केले. १ ऑगस्ट १९८० पासून त्याला ‘स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन’ हे नाव मिळाले आणि वार्षिक ५,००० रुपयांच्या उत्पन्नाची जुनी अट गेली. म्हणून ‘मुलगा नोकरीला आहे’ किंवा ‘शेती आहे’ अशा कारणावर पत्नीचे केंद्रीय वेतन नाकारता येत नाही. हे काम केंद्रीय गृह मंत्रालयाचा स्वातंत्र्यसैनिक व पुनर्वसन विभाग पाहतो आणि पैसे बँकेमार्फत येतात. राज्याची योजना सामान्य प्रशासन विभागाकडे आहे, आणि तिचे व्यवहार जिल्हाधिकारी कार्यालय व कोषागार यांच्यामार्फत चालतात. पती दोन्हीकडून घेत असतील तर अर्जही दोन करायचे. एकीकडे कळवले म्हणजे दुसरीकडे आपोआप कळते, असे समजू नका.

आणीबाणीतल्या बंद्यांना राज्य सरकार देते ते मानधन ही आणखी वेगळी गोष्ट आहे. त्याचा अर्ज या फाइलीत मिसळू नये.

किती रक्कम मिळायला हवी

केंद्राचे १५ ऑगस्ट २०१६ पासूनचे मूळ दर दरमहा असे आहेत : अंदमानचे राजबंदी किंवा त्यांचे पती-पत्नी यांना ३०,००० रुपये. ब्रिटिश भारताच्या हद्दीबाहेर हालअपेष्टा सोसलेल्यांना (आझाद हिंद सेना सोडून) किंवा त्यांच्या पती-पत्नीला २८,००० रुपये. आझाद हिंद सेनेसह बाकी सर्व स्वातंत्र्यसैनिकांना किंवा त्यांच्या पती-पत्नीला २६,००० रुपये. या मूळ रकमेवर महागाई सवलत मिळते आणि ती वर्षातून दोनदा बदलते.

इथे एक चूक हमखास होते. सरकारी नोकराच्या विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन पतीच्या पेन्शनहून कमी असते. बँकेतल्या माणसाला तोच नियम सवयीचा असतो, आणि सन्मान निवृत्तिवेतनालाही तो तोच लावून मोकळा होतो. पत्नीच्या खात्यात जवळपास निम्मी रक्कम येऊ लागली, तर चूक झाली आहे. निम्मी रक्कम फक्त आश्रित आई-वडिलांना आणि पात्र मुलींना असते. पासबुकातले पहिल्या महिन्याचे आकडे पतीच्या शेवटच्या महिन्याच्या आकड्यांशी ताडून पाहा. फरक दिसला तर त्याच आठवड्यात लेखी कळवा.

महाराष्ट्र शासनाने आपले निवृत्तिवेतन २०२२ मध्ये दरमहा १०,००० वरून २०,००० रुपये केले. त्यात भारतीय स्वातंत्र्यलढा, हैदराबाद मुक्तिसंग्राम आणि गोवा मुक्तिसंग्राम हे तिन्ही लढे येतात.

पहिली वाट : चालू पेन्शन पत्नीच्या नावे

सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून करा. २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत नोंद झाली तर काम सोपे असते. निधन रुग्णालयात झाले असेल तर नोंद बहुधा तिथूनच जाते, पण नावाचे स्पेलिंग तिथेच चुकते. ‘रामचंद्र’चे ‘रामचंद’, वडिलांच्या नावाच्या जागी आडनाव, असे काहीही होते. दाखला हातात येताच तो पीपीओशेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर जुळवा. मूळ प्रती निदान पाच घ्या. बँक, जिल्हाधिकारी कार्यालय, कोषागार, मंत्रालय आणि घर अशा पाच जागी त्या लागतात.

त्याच आठवड्यात बँकेला निधन लेखी कळवा. दुःखात हे राहून जाते आणि पतीच्या खात्यात पेन्शन जमा होत राहते. घरखर्चासाठी ते काढलेही जाते. पुढे बँक ही जास्तीची रक्कम वसूल करते, आणि ती बहुधा पत्नीच्या थकबाकीतूनच वळती होते. फसवणूक कुणी केलेली नसते, तरी फाइलीवर ‘जादा प्रदान’ असा शेरा पडतो आणि वेतन सुरू व्हायला आणखी उशीर होतो. पत्र द्या, पोच घ्या.

यानंतर पीपीओ शोधा. पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, ज्यावर क्रमांक असतो ते पुस्तक किंवा कागद. त्यात पत्नीचे नाव आहे का ते पाहा. नाव असेल तर बँकेच्या पातळीवरच बरेचसे काम उरकते. अर्जासोबत हे कागद द्या : मृत्यूचा मूळ दाखला, पीपीओची निवृत्तिवेतनधारकाकडची प्रत, मंजुरी आदेशाची प्रत, पत्नीचे आधार व पॅन, तिच्या खात्याच्या पासबुकाची पहिल्या पानाची प्रत, पासपोर्ट आकाराची तीन-चार छायाचित्रे, नमुना सह्या किंवा अंगठा, हयातीचा दाखला, पुनर्विवाह केला नसल्याचे घोषणापत्र आणि जादा रक्कम आल्यास परत करण्याचे हमीपत्र. शेवटच्या दोन्हींचे नमुने बँकेतच मिळतात. पुनर्विवाहाचे घोषणापत्र नव्वदीच्या बाईला अपमानास्पद वाटते, आणि ते साहजिक आहे. पण योजनेच्या व्याख्येतच ‘पुनर्विवाह न केलेली विधवा’ असे शब्द असल्याने तो कागद टाळता येत नाही. सून किंवा मुलीने आधी हळुवारपणे सांगून ठेवले, तर काउंटरवर त्यांना धक्का बसत नाही.

शाखेतला माणूस ‘हे आमच्याकडे होत नाही’ म्हणाला, तर बँकेच्या केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्राचा पत्ता मागा. मोठ्या सार्वजनिक बँकांत पेन्शनची गणना तिथे होते आणि शाखा फक्त कागद पुढे पाठवते. शाखेने कागद कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने पाठवले, हे लिहून घ्या. पुढे विचारपूस करताना एवढाच धागा हाती असतो.

पीपीओत पत्नीचे नाव नसेल तर बँकेला स्वतःच्या अधिकारात वेतन सुरू करता येत नाही. मग बँकेमार्फत गृह मंत्रालयाकडे जावे लागते आणि विवाहाचा पुरावा द्यावा लागतो. १९४०-५० च्या सुमारास लागलेल्या लग्नांची नोंदणी जवळजवळ कुणीच करत नसे. म्हणून एका दाखल्यावर अडून न बसता अनेक कागद एकत्र करा. जुनी शिधापत्रिका, मतदार यादीतला उतारा (पतीचे नाव असलेला), पतीच्या नोकरीचे सेवापुस्तक किंवा वारसनोंद, विमा पॉलिसीतले नामनिर्देशन, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचे आईचे नाव, पतीच्या मूळ पेन्शन अर्जात त्यांनीच भरलेला कुटुंबाचा तपशील, एकत्र छायाचित्र, आणि गावातल्या दोन वयस्क व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे. यांत सर्वांत वजनदार कागद म्हणजे पतीचा मूळ अर्ज. तो जिल्हाधिकारी कार्यालयातल्या फाइलीत असतो आणि माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मिळते. पतीने स्वतःच्या हाताने ‘पत्नी’ म्हणून लिहिलेल्या नावावर शंका घेणे कुणालाही अवघड जाते.

पीपीओ हरवला असेल तरी घाबरू नका. त्याची दुसरी प्रत बँकेकडे असते. पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करून ती अर्जाला जोडा. जुन्या पासबुकातल्या पेन्शनच्या नोंदींवरून क्रमांक शोधता येतो.

केंद्राचे वेतन पतीच्या निधनाच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते. काम उशिरा झाले तरी मधली थकबाकी बुडत नाही. अर्जात ‘दिनांक अमुकपासूनच्या थकबाकीसह’ असे लिहायला विसरू नका.

नावाचा घोळ

हा भाग वेगळा काढला आहे, कारण सर्वाधिक फाइली इथेच अडतात.

आपल्याकडे लग्नात सासरी नवे नाव ठेवण्याची रीत होती. माहेरची शेवंता सासरी लक्ष्मी होते, गावात लक्ष्मीबाई म्हणून ओळखली जाते, मतदार यादीत ‘लक्षुमबाई’ लागते आणि आधारवर नातवाने सांगितलेले नाव येते. बाई एकच, पण संगणकाला चार दिसतात.

उपाय असा. आधी ठरवा की कोणत्या नावाला धरून चालायचे. ते पीपीओ किंवा मंजुरी आदेशातले नाव असावे, कारण तो सरकारी आदेश आहे आणि तो दुरुस्त करायला सर्वांत जास्त वेळ लागतो. त्याच्याशी आधार, पॅन आणि बँक खाते जुळवून घ्या. या तिन्हींतली दुरुस्ती तुलनेने लवकर होते. उलटे करू नका. आधारला धरून पीपीओ बदलून मागणारे अर्ज वर्षभर फिरत राहतात. त्यासोबत ‘शेवंता अमुक आणि लक्ष्मीबाई तमुक या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असे प्रतिज्ञापत्र करून ठेवा आणि त्यात कागदांवर आढळणारी सगळी रूपे एकेक करून लिहा. एक रूप सुटले तर नेमके तेच पुढे आडवे येते. राजपत्रात नावबदलाची जाहिरात शेवटचा उपाय म्हणून ठेवा. वर्ग करण्याच्या प्रकरणात तिची गरज सहसा पडत नाही.

आडनावाचाही घोळ असतो. १९४२ च्या तुरुंगनोंदीत ‘पाटील’ आणि घरात ‘जाधव’, किंवा नुसतेच ‘रामा बिन कोंडी’. हैदराबाद संस्थानातल्या नोंदी उर्दूत आहेत. त्यांचे लिप्यंतर करून घेताना आडनावाऐवजी गावाचे नाव लागलेले आढळते. अशा वेळी वडिलांचे नाव, गाव आणि वय या तीन खुणा जुळवून दाखवा.

दुसरी वाट : पतीला पेन्शन कधीच मिळाले नाही

इथे आधी पतीची पात्रता सिद्ध करायची. केंद्राच्या योजनेतले मुख्य निकष असे आहेत. स्वातंत्र्यलढ्यातल्या कृतीसाठी किमान ६ महिने तुरुंगवास; महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या स्वातंत्र्यसैनिकांना ही मर्यादा ३ महिन्यांची आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत राहणे, पण त्यासाठी फरारी घोषित केलेले असणे, पकडून देण्याबद्दल बक्षीस लावलेले असणे किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघूनही तो बजावता आलेला नसणे यांपैकी काही तरी हवे. सहा महिने नजरकैद किंवा हद्दपारी. लढ्यापायी मालमत्ता जप्त होणे किंवा नोकरी जाणे. गोळीबारात वा लाठीमारात कायमचे अपंगत्व येणे. फटक्यांची शिक्षा, दहा किंवा त्याहून अधिक फटके. हुतात्म्याच्या पत्नीलाही हा हक्क आहे.

सहा महिन्यांचा हिशेब करताना अनेक जण स्वतःचेच नुकसान करून घेतात. तुकड्या-तुकड्यांत भोगलेला तुरुंगवास एकत्र धरला जातो. शिक्षा झाली असेल तर खटल्याच्या काळातली कच्ची कैदही मोजली जाते. शिक्षेत मिळालेली नेहमीची सूट एक महिन्यापर्यंत प्रत्यक्ष तुरुंगवासात धरतात. त्यामुळे ‘पाच महिने दहा दिवसच होतात’ म्हणून सोडून दिलेला दावा पुन्हा मोजून पाहा.

पुरावा कुठे शोधायचा? पहिली जागा तुरुंग : येरवडा, नाशिक रोड, ठाणे, भायखळा, विसापूर, नागपूर. मराठवाड्यातल्यांसाठी हर्सूल, गुलबर्गा, चंचलगुडा. तुरुंग अधीक्षकाकडे अर्ज करताना नाव, वडिलांचे नाव, गाव, अंदाजे वर्ष आणि कलम माहीत असेल तर तेही द्या. नुसते ‘१९४२’ लिहिले तर ‘आढळत नाही’ एवढेच उत्तर येते. दुसरी जागा न्यायालय. जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात निकालपत्र किंवा फौजदारी नोंदवही मिळू शकते. तिसरी जागा पुराभिलेख संचालनालय. त्याचे मुख्य दप्तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, आणि पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर इथेही दप्तरे आहेत. निजामाच्या काळातल्या बऱ्याच नोंदी हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहेत, गोव्यातल्या पोर्तुगीज लष्करी न्यायालयांच्या नोंदी पणजीच्या. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फाइलींची सूची त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. जुन्या पोलीस राजपत्रांतल्या फरारींच्या याद्या, त्या काळची वृत्तपत्रे आणि राज्याच्या गॅझेटियर विभागाने छापलेले स्वातंत्र्यसैनिकांचे खंड हे पूरक म्हणून उपयोगी पडतात.

१९७२ चा ताम्रपट घरात फ्रेम करून लावलेला असतो आणि सगळ्यांना वाटते की हाच पुरावा. ताम्रपट हा गौरव आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण तुरुंगवास किंवा भूमिगत काळ किती होता हे त्यावरून ठरत नाही, म्हणून एकट्या ताम्रपटावर पेन्शन मंजूर होत नाही. तो जरूर जोडा, त्याच्यावर विसंबून मात्र राहू नका.

मूळ नोंदी जळाल्या, सडल्या किंवा नष्ट केल्या गेल्या असतील तर दुय्यम पुराव्याची सोय आहे. त्यासाठी दोन कागद एकत्र लागतात. एक, राज्य शासनाचे ‘अभिलेख उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र’. दोन, तुरुंगवासासाठी दोन सहबंद्यांची प्रमाणपत्रे, आणि देणाऱ्याने स्वतः किमान एक वर्ष तुरुंगवास भोगलेला व तो सिद्ध झालेला असावा. प्रमाणपत्र देणारा आजी-माजी खासदार किंवा आमदार असेल तर एकच पुरते. भूमिगत असल्याच्या दाव्यासाठी, किमान दोन वर्षे तुरुंगवास सिद्ध झालेल्या नामवंत स्वातंत्र्यसैनिकाचे वैयक्तिक माहितीचे प्रमाणपत्र लागते. राज्याच्या योजनेत भूमिगतांच्या दाव्यांची कसोटी ४ जुलै १९९५ च्या शासन निर्णयाने लागते. त्यातही दोन स्वातंत्र्यसैनिकांची प्रमाणपत्रे आणि जिल्हा गौरव समितीची (दावे तपासून शिफारस करणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीची) शिफारस यांना महत्त्व आहे.

यातला पहिलाच कागद सर्वाधिक वेळा सदोष निघतो. ‘अभिलेख आढळत नाही’ एवढ्या एका ओळीचे पत्र दिल्लीत चालत नाही. संबंधित तुरुंग, न्यायालय, पोलीस, पुराभिलेख अशा सर्व ठिकाणी शोध घेतला आणि कुठेही नोंद मिळाली नाही, असे राज्य शासनाने ठरलेल्या नमुन्यात म्हणायला हवे. म्हणून प्रत्येक कार्यालयाचे नकाराचे पत्र वेगळे मिळवून जिल्हाधिकाऱ्यांना जोडून द्या. त्यांचे काम निम्मे होते आणि प्रमाणपत्रही पक्के बनते.

दुसरी अडचण वेदनादायक आहे. सहबंदी आता उरलेले नाहीत. पण त्यांनी पूर्वी दिलेली प्रमाणपत्रे कागदावर आहेत. पतीने १९८० च्या दशकात केलेल्या अर्जाची फाइल काढून घ्या, तिच्यात ती बहुधा सापडतात. प्रमाणपत्र देणाऱ्याचा तुरुंगवास सिद्ध करायला त्याच्या स्वतःच्या मंजुरी आदेशाचा क्रमांक शोधा. दोघे एकाच बराकीत, एकाच काळात होते हे तारखांवरून दिसले पाहिजे. प्रमाणपत्र देणारा मार्चमध्ये सुटला आणि आपले पती जूनमध्ये आत गेले, असे निघाले तर दावा तिथेच संपतो. म्हणून जोडण्याआधी तारखांचा तक्ता मांडून पाहा.

मराठवाड्यातल्या दाव्यांची तपासणी विशेष कडक असते. बीड जिल्ह्यातली बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि न्यायमूर्ती पालकर समितीने त्यांची चौकशी केली. खोट्यांनी केलेल्या या पापाचा भार खऱ्यांच्या विधवांवर पडला, ही मोठी खंत आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सरहद्दीवरच्या शिबिरांत काम केलेल्यांसाठी केंद्राने मान्य शिबिरांची यादी केली आहे. पतीचे शिबिर त्या यादीत आहे का, ते आधी पाहा. एकाच हस्ताक्षरातली, एकाच मजकुराची प्रमाणपत्रे देऊ नका. ती खरी असली तरी संशय ओढवून घेतात.

आणखी एक गोष्ट राहून जाते. पत्नी स्वतः तुरुंगात गेली होती का? १९३० चा सत्याग्रह, १९४२, गोवा. कित्येक जणी स्वतः पकडल्या गेल्या होत्या. त्यांना तीन महिन्यांचीच अट असल्याने स्वतःच्या नावाने दावा करता येतो. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या हजारो बायकांचे नाव मात्र कुठल्याच नोंदवहीत नाही, आणि योजनेतही त्यांच्यासाठी जागा नाही.

कोणत्या तारखेपासून

न्यायालयांचे तीन निर्णय हाताशी ठेवा. मुकुंदलाल भंडारी प्रकरणात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उशिरा अर्ज केला म्हणून पेन्शन नाकारता येत नाही, आणि अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून ते द्यायला हवे. गुरदयाल सिंह प्रकरणात (२००१) सांगितले की फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये. शक्याशक्यता पाहून निर्णय घ्यावा. स्वामीनाथन प्रकरणात (१९९७) मात्र संशयाचा फायदा देऊन मंजूर झालेले वेतन आदेशाच्या तारखेपासूनच मिळेल असे ठरले. म्हणून तुरुंगाचा वा न्यायालयाचा मूळ दाखला मिळवायला जास्तीचे सहा महिने लागले तरी ते सार्थकी लागतात, कारण थकबाकी कुठल्या तारखेपासून मिळणार हे पुराव्याच्या प्रकारावर ठरते. अर्ज मात्र त्यासाठी थांबवू नका. आज अर्ज देऊन तारीख पक्की करा आणि पुरावे मागाहून जोडा.

दर नोव्हेंबरात

वेतन सुरू झाल्यावर दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा. तो चुकला की पैसे थांबतात. अंथरुणाला खिळलेल्या बाईंना उचलून बँकेत नेऊ नका. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ऑक्टोबरातच शाखेला पत्र द्या. बोटांचे ठसे झिजून आधार यंत्रात उमटत नसतील तर ठशांवर अडून न राहता बँकेच्या अधिकाऱ्यासमोर कागदी नमुना भरून द्या.

पत्नीला रेल्वेचा आजीवन मोफत पासही मिळतो, आणि सोबत एका माणसाला नेता येते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतले उपचारही मिळतात. वेतन सुरू झाल्यावर हे अर्ज वेगळे करावे लागतात, आपोआप काही येत नाही.

पत्नीच्या पश्चात मुलगे पात्र नाहीत. अविवाहित आणि स्वतःची कमाई नसलेल्या मुली पात्र आहेत, एका वेळी जास्तीत जास्त तीन. घटस्फोटित मुलींच्या बाबतीत न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, म्हणून तसा दावा असेल तर वकिलाच्या सल्ल्यानेच करावा. अविवाहित मुलगी घरात असेल तर तिचे नाव आई हयात असतानाच नोंदवून घ्या.

फाइल हलत नसेल तर

दोन महिने उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, राज्याच्या कार्यालयात कोर्ट फी स्टॅम्प चालतो, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझे काम का झाले नाही’ असे विचारू नका. ‘अमुक दिनांकाच्या माझ्या अर्जावरील दैनंदिन कार्यवाही, टिपणीची प्रत, आणि फाइल आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे’ असे विचारा. पुष्कळदा या एका अर्जाने फाइल पुढे सरकते. उत्तर न आल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. केंद्राच्या विभागासाठी केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवरही नोंद करा.

दावा फेटाळला गेला तर आदेशातली कारणे वाचा. ‘पुरावा अपुरा’ असे मोघम लिहिले असेल तर नेमका कोणता कागद कमी आहे ते लेखी मागा. तेही निष्फळ ठरले की उच्च न्यायालयात रिट याचिका : मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही. तुरुंगातल्या जुन्या नोंदी नष्ट झाल्याने अडलेला नव्वदीतल्या विधवेचा दावा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता आणि न्यायालयाने पेन्शन सुरू करायला लावले. खर्चाची चिंता असेल तर हे लक्षात ठेवा : विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे साधा अर्ज पुरतो.

याचिका करताना वयाचा दाखला जोडून लवकर सुनावणीची विनंती पहिल्याच तारखेला करा. निकालाआधी बाईंचे निधन झाले तरी प्रकरण टाकून देऊ नका. त्यांच्या निधनाच्या तारखेपर्यंतच्या थकबाकीसाठी वारसांना याचिकेत नाव लावून घेता येते. संशयाचा फायदा देऊन मंजूर झालेली प्रकरणे सोडली, तर नव्या दाव्यात त्या हिशेबाची सुरुवात अर्जाच्या पोचेवरच्या तारखेपासून होते. म्हणून आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख असलेली पोच पीपीओसोबत एकाच पाकिटात ठेवा आणि तिची छायाप्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या.